शेजार कोणीं निवडावा? हार्वर्डच्या वसतिगृहांचा इतिहास

शाळा संपवून मुलगा अगर मुलगी परगांवच्या कॉलेजांत जावयास निघाली म्हणजे घरांत पहिली चर्चा होते ती कोणते विषय घ्यावे याची, आणि दुसरी राहावयाचें कोठें याची. पहिल्या प्रश्नाचा खल पुष्कळ होतो. दुसरा मात्र भाडें, जेवण, न्हाणीघर आणि कॉलेजपासूनचें अंतर एवढ्या चार गोष्टींत आटोपला जातो. वस्तुतः खोलीबरोबर एक शेजारहि पत्करावा लागतो, आणि अठरा वर्षांच्या वयांत शेजाराचें वळण पुस्तकाच्या वळणापेक्षां लवकर बसतें. ढवळ्याशेजारीं पवळा बांधला तर वाण नाहीं तरी गुण लागतो, हें आपल्याकडील कोणताहि शेतकरी जाणतो. पण हा शेजार निवडावा कोणीं? विद्यार्थ्यानें, त्याच्या बापाच्या पैशानें, कॉलेजच्या चालकांनीं, कीं केवळ चिठ्ठीनें? अमेरिकेंतील हार्वर्ड कॉलेजानें हीं चारहि उत्तरें एकामागून एक करून पाहिलीं आहेत. म्हणून त्याच्या वसतिगृहांचा इतिहास हा केवळ विटाचुन्याचा इतिहास राहिलेला नाहीं.

हार्वर्डचें नांव मराठी वाचकांस अपरिचित नाहीं. गोव्यांत जन्मलेले बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी १९१० सालीं प्रथम तेथें गेले ते 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठीं. तो ग्रंथ पुढें १९५० सालीं हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेंत प्रसिद्ध झाला. त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी यांनीं १९२९ सालीं त्याच कॉलेजची पदवी घेतली. बोस्टन शहरासमोर, चार्ल्स नदीच्या पलीकडे, केंब्रिज या गांवीं १६३६ मध्यें स्थापन झालेलें हें कॉलेज अमेरिकेंतील उच्च शिक्षणाचें सर्वांत जुनें स्थान होय. झाडांनीं भरलेलें व विटांच्या इमारतींनीं वेढलेलें त्याचें मूळ आवार 'यार्ड' या नांवानें ओळखलें जातें. पुढील बहुतेक सारी हकीकत या यार्डांत आणि तेथून नदीपर्यंतच्या थोड्याशा टापूंत घडलेली आहे.

आरंभीं निवडीचा प्रश्नच नव्हता. इंग्लंडांतील जुन्या विद्यापीठांची रीत डोळ्यांपुढें ठेवून संस्थापकांनीं गुरुशिष्यांनीं एकाच आवारांत राहावें, एकत्र जेवावें व एकत्र प्रार्थना करावी असा परिपाठ घातला. १७२० मध्यें पुरा झालेला मॅसॅच्युसेट्स हॉल आणि १७६३ मधील हॉलिस हॉल हीं त्या काळचीं वसतिगृहें अद्याप उभीं आहेत. १७७५ सालीं इंग्लंडशीं युद्ध जुंपलें तेव्हां मॅसॅच्युसेट्स हॉलमध्यें वसाहतींच्या फौजेचे शिपाई उतरविले होते. परंतु एका छपराखालीं राहणें म्हणजे समानतेनें राहणें नव्हे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वर्गांतील मुलांचा अनुक्रम त्यांच्या हुशारीवरून अथवा आद्याक्षरांवरून न लावतां बापाच्या सामाजिक प्रतिष्ठेवरून लावीत. १७७० च्या सुमारास ती चाल मोडली आणि नांवें अक्षरांच्या क्रमानें लागूं लागलीं.

वेगळ्या वसतिगृहाचा प्रयोगहि याच काळांतला. कॉलेजच्या १६५० च्या सनदेंत इंग्रज व त्या देशाचे मूळ रहिवासी इंडियन अशा दोन्ही समाजांतील तरुणांच्या शिक्षणाचा उल्लेख होता. त्याला अनुसरून १६५५ च्या सुमारास इंडियन विद्यार्थ्यांसाठीं यार्डांत विटांची स्वतंत्र इमारत उभारली गेली. तींत राहावयास विद्यार्थी फारच थोडे आले. त्यांपैकीं केलेब चीशाटोमक हा १६६५ मध्यें पदवीधर झाला व दुसऱ्याच वर्षीं क्षयानें वारला. इमारतीचा अधिक उपयोग झाला तो छापखान्याला. मॅसॅच्युसेट जमातीच्या भाषेंतील संपूर्ण बायबल १६६३ सालीं तेथें छापून निघालें. १६९८ मध्यें ती इमारत पाडून टाकण्यांत आली.

सर्वांनीं एका आवारांत राहावें हा परिपाठ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ढिला पडला. १८६९ पासून १९०९ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षें, चार्ल्स एलियट हे हार्वर्डचे अध्यक्ष होते. विद्यार्थ्यानें आपले विषय आपणच निवडावे हें तत्त्व त्यांनीं तेथें रुजविलें. जो आपला अभ्यासक्रम निवडतो त्याला आपली खोली निवडतां येऊं नये काय, असा हा सरळ न्याय होता. कॉलेजांतील मुलांची संख्या वाढत गेली, परंतु यार्डांतील वसतिगृहें त्या मानानें वाढलीं नाहींत. जीं होतीं त्यांत पाण्याची व न्हाण्याची सोय जुनाट. ही उणीव भांडवलवाल्यांनीं बरोबर हेरली. यार्ड आणि नदी यांच्या मधून जाणाऱ्या माउंट ऑबर्न रस्त्याच्या आसपास खासगी वसतिगृहें उभीं राहूं लागलीं. क्लेव्हर्ली, रँडॉल्फ आणि वेस्टमोर्ली हीं त्यांतील नांवाजलेलीं. वाफेनें खोली उबदार ठेवण्याची योजना, खासगी न्हाणीघरें, आणि वेस्टमोर्लींत तर पोहण्याचा हौदहि. या भागाला विद्यार्थी 'गोल्ड कोस्ट', म्हणजे सोन्याचा किनारा, म्हणूं लागले. निवड खुली होती, पण तिची किल्ली पैशापाशीं होती. ज्याच्या बापाला भाडें परवडे तो किनाऱ्यावर जाई. ज्याला परवडत नसे तो यार्डांत अथवा गांवांत कोठेंतरी स्वस्त खोली पाही. अभिजनांच्या क्लबांत प्रवेश मिळण्याची आशाहि पुष्कळ अंशीं याच पत्त्याशीं निगडित झाली होती.

दोन विद्यार्थ्यांचीं उदाहरणें या काळावर पुरेसा प्रकाश पाडतात. १९०० सालीं फ्रँकलिन रूझवेल्ट हा अठरा वर्षांचा तरुण हार्वर्डला आला. हाच पुढें अमेरिकेचा अध्यक्ष झाला. ग्रॉटन या धनिकांच्या मुलांच्या शाळेंत त्याचें शिक्षण झालें होतें. त्यानें वेस्टमोर्लींत खोल्या घेतल्या, सोबती निवडला तोहि ग्रॉटनचाच, आणि १९०४ पर्यंत तो तेथेंच राहिला. सगळें विश्वविद्यालय समोर पसरलेलें असतां त्यानें निवडली ती आपली जुनी शाळाच. दुसरें उदाहरण त्याच्या बारा वर्षें आधींचें. १८८८ मध्यें डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस हा काळा विद्यार्थी हार्वर्डला आला. १८९० मध्यें त्यानें पदवी घेतली, आणि १८९५ मध्यें तेथील डॉक्टरेट मिळविणारा तो पहिला काळा विद्वान ठरला. वसतिगृहांत न राहतां त्यानें गांवांत नदीच्या बाजूस एका काळ्या बाईच्या घरीं भाड्याची खोली पत्करली. गोऱ्या सहाध्यायांच्या मागें लागून अवहेलना ओढवून घेण्यापेक्षां आपल्या लोकांत स्वाभिमानानें राहणें त्याला बरें वाटलें. दोघांनींहि खोली आपण होऊनच निवडली. परंतु एकाला सर्व दारें उघडीं होतीं व त्यानें ओळखीचें दार धरलें. दुसऱ्यानें जें दार निःशंकपणें उघडेल तें धरलें. दोन्ही निवडींना एकच 'स्वातंत्र्य' हा शब्द लावतांना थोडा विचार केला पाहिजे.

हा विचार ज्यांनीं केला त्यांत ॲबट लॉरेन्स लॉवेल हे प्रमुख होत. एलियट यांच्यानंतर १९०९ मध्यें ते अध्यक्ष झाले. ते स्वतः बोस्टनच्या जुन्या व धनाढ्य घराण्यांतले. तरीहि श्रीमंतांच्या मुलांनीं एका रस्त्यावर व इतरांनीं दुसऱ्या रस्त्यावर राहावें, चार वर्षांत एकमेकांचें तोंडहि पाहूं नये, हें त्यांना कॉलेजच्या मूळ हेतूला विघातक वाटे. पदग्रहणाच्या भाषणांतच त्यांनीं उपाय सुचविला. पहिल्या वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांना, मंडळें व कंपू बनण्याच्या आधींच, एकत्र ठेवावें. नवागत अद्याप कोणाचाच झालेला नसतो, म्हणून त्याच वेळीं त्याला सर्वांचा करतां येतें, असा त्यांचा विचार होता. त्याप्रमाणें नदीकांठीं गोर, स्टँडिश व स्मिथ हीं नवीं वसतिगृहें बांधण्यांत आलीं आणि १९१४ सालीं तीं उघडलीं. पहिल्या वर्षीं तेथें राहणें हा नियम झाला. एकाच टेबलावर कोट्यधीशाचा मुलगा आणि शिष्यवृत्तीवर आलेला खेड्यांतला मुलगा जेवावयास बसूं लागले. पैशानें केलेली निवड रद्द होऊन ती कॉलेजच्या हातीं आली.

येथपर्यंतची हकीकत ऐकून लॉवेल यांचें कौतुकच वाटेल, आणि तें अस्थानीं नाहीं. परंतु 'सर्व' या शब्दांत कोण येतात हें त्यांनीं मनाशीं ठरवून टाकलें होतें. रॉस्को कॉंकलिंग ब्रूस हे हार्वर्डचे १९०२ सालचे पदवीधर. त्यांचे वडील ब्लँश ब्रूस जन्मानें गुलाम होते व पुढें १८७५ ते १८८१ या काळांत मिसिसिपी संस्थानातर्फे अमेरिकेच्या सिनेटचे सभासद होते. या ब्रूस यांनीं १९२२ सालीं आपल्या मुलासाठीं नवागतांच्या वसतिगृहांत जागा मागितली. लॉवेल यांनीं नकार दिला. काळ्या विद्यार्थ्याला कॉलेजांत शिक्षणाची संधि आहे, परंतु नदीकांठच्या वसतिगृहांत नाहीं, असें त्यांचें उत्तर होतें. कारण जें दिलें तें लक्षांत घेण्यासारखें आहे. तेथें राहणें गोऱ्या मुलांना सक्तीचें आहे. तेव्हां त्यांना काळ्यांबरोबर राहावयास लावणें म्हणजे जबरदस्ती होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. जो नियम भेद मोडण्यासाठीं केला त्याच नियमाचा आधार घेऊन भेद राखला गेला. त्याच सुमारास ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येला मर्यादा घालावी असाहि त्यांचा आग्रह चालला होता. अर्थात् ही एका क्षणाची चूक नव्हती.

ब्रूस गप्प बसले नाहींत. ज्या कॉलेजानें आपल्याला शिकविलें तेंच आपल्या मुलाला कातडीच्या रंगावरून दाराबाहेर ठेवतें, हा आघात त्यांना स्वतःच्या अपमानाहून मोठा वाटला असल्यास नवल नाहीं. जानेवारी १९२३ मध्यें हा पत्रव्यवहार वृत्तपत्रांत झळकला आणि देशभर गवगवा झाला. माजी विद्यार्थ्यांनीं, त्यांत पुष्कळ गोरेहि होते, निषेध केला. ड्युबॉइस हे तेव्हां एका प्रभावी मासिकाचे संपादक होते. त्यांनींहि लेखणी उचलली. अखेर त्याच वर्षीं वसंत ऋतूंत हार्वर्डच्या ओव्हर्सिअर मंडळानें निर्णय दिला. नवागतांच्या वसतिगृहांतून कोणालाहि रंगामुळें वगळूं नये. मात्र गोऱ्या व काळ्या विद्यार्थ्यांनीं एकत्र राहावें व जेवावें अशी सक्तीहि कोणावर नसावी, असा त्याचा आशय होता. पहिल्या वाक्यानें दार उघडलें, दुसऱ्यानें तें अर्धवट लोटून ठेवलें. तरी अध्यक्षांचा शब्द शेवटचा नाहीं हें सिद्ध झालें. चालकांच्या हातीं निवड दिली म्हणजे पैशाचा पक्षपात जातो, परंतु चालकांचा स्वतःचा पूर्वग्रह त्याच्या जागीं येऊन बसूं शकतो, हा धडा या प्रकरणानें घालून दिला.

लॉवेल यांची दुसरी मोठी योजना याहून व्यापक होती. पहिल्या वर्षानंतर मुलें पुन्हां आपापल्या कंपूंत विखुरतात असें दिसून आल्यावर पुढील तीनहि वर्षांसाठीं काय करावें हा प्रश्न उभा राहिला. त्याचें उत्तर एका प्रतिस्पर्धी विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्याकडून आलें. एडवर्ड हार्कनेस हे येल विद्यापीठाचे पदवीधर आणि तेलाच्या धंद्यांतील अफाट संपत्तीचे वारस. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या धर्तीवर विद्यार्थ्यांचीं लहान लहान कुटुंबें व्हावीं यासाठीं त्यांनीं प्रथम येललाच पैसे देऊं केले. येलच्या चालकांचें घोंगडें भिजत पडलेलें पाहून १९२८ मध्यें ते लॉवेल यांच्याकडे गेले. लॉवेल यांनीं देणगी तत्काळ स्वीकारली. पुढें ती एक कोटि डॉलरांच्या वर गेली. १९३० सालीं डन्स्टर व लॉवेल हीं पहिलीं दोन विद्यार्थिगृहें, म्हणजे तेथील भाषेंत 'हाउस', सुरू झालीं. १९३१ मध्यें आणखी पांच झालीं. प्रत्येकाला स्वतःचें भोजनगृह, ग्रंथालय, निवासी शिक्षक आणि 'मास्टर' ही पदवी असलेला गृहप्रमुख. येलनें आपलीं निवासी कॉलेजें हार्कनेस यांच्याच पैशानें १९३३ मध्यें उघडलीं.

या फेरबदलांत इमारतींचीं नशिबें पालटलीं. नवागतांसाठीं बांधलेलीं नदीकांठचीं गोर, स्टँडिश व स्मिथ हीं वसतिगृहें नव्या गृहांत सामील झालीं आणि नवागत मुलें १९३१ पासून जुन्या यार्डांत राहावयास गेलीं. गोल्ड कोस्टवरील वेस्टमोर्ली व रँडॉल्फ हीं धनिकांचीं वसतिगृहें ॲडम्स हाउसचा भाग बनलीं. ज्या खासगी घरांना कॉलेजानें विरोध केला तींच अखेर कॉलेजच्या पोटांत गेलीं.

प्रत्येक गृहांत सर्व प्रकारच्या मुलांचें मिश्रण असावें, एकेक गृह हें सबंध कॉलेजची लहान प्रतिकृति व्हावें, असा लॉवेल यांचा संकल्प होता. व्यवहारांत मात्र विद्यार्थी पसंती कळवी, गृहप्रमुख त्याची मुलाखत घेई व निवड करी. कोण कोणत्या शाळेंतून आला याचीहि दखल घेतली जाई. परिणाम अपेक्षेप्रमाणेंच झाला. एलियट हाउस म्हणजे घरंदाजांचें, कर्कलंड खेळाडूंचें, ॲडम्स कलावंतांचें, अशी ख्याति पसरली. ख्याति पसरली कीं त्याच नमुन्याचीं मुलें तेथें अर्ज करीत, आणि अर्ज आले कीं ख्याति आणखी दृढ होई. १९७० नंतर गृहप्रमुखांची निवड मागें पडून विद्यार्थ्यांच्या पसंतीक्रमावर सोडत काढण्याची पद्धत आली. पण पसंती कायम राहिल्यामुळें नमुनेहि कायम राहिले. १९९० पासून विद्यार्थ्यानें चार गृहांचीं नांवें क्रम न लावतां द्यावीं असा मध्यम मार्ग काढण्यांत आला. तोहि पुरेसा वाटला नाहीं.

तेव्हां १९९५ मध्यें निर्णय झाला आणि १९९६ पासून पसंतीच बंद करण्यांत आली. पहिलें वर्ष संपत आलें म्हणजे विद्यार्थ्यांनीं आपल्या मित्रांचा गट करावा, आणि तो गट बारांपैकीं कोणत्या गृहांत जाईल हें केवळ सोडतीनें ठरावें, अशी व्यवस्था झाली. गट सोळांपर्यंतचा असे. पुढें ही मर्यादा आठांवर आणण्यांत आली. या बदलाला विरोध करणारे सगळेच सुखवस्तु नव्हते. काळ्या विद्यार्थ्यांपैकीं अनेकांनीं यार्डापासून दूरच्या गृहांत एकत्र राहून परस्परांना आधार देणारा एक समाज निर्माण केला होता. सोडतीनें तो विखुरला जाईल, प्रत्येक गृहांत आपण चारदोनच उरूं, अशी त्यांची भीति होती. ती अनाठायीं म्हणतां येणार नाहीं. धनिकाच्या मुलानें धनिकाचा शेजार धरणें आणि अल्पसंख्य मुलानें आपल्या माणसांचा आधार शोधणें या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसल्या तरी एक नव्हेत. चिठ्ठीला डोळे नसतात, म्हणून ती निःपक्षपाती असते. पण डोळे नसल्यामुळेंच तिला कोणाची अडचणहि दिसत नाहीं.

स्त्रियांच्या बाबतींतहि यार्डाचें दार उशिरांच उघडलें. रॅडक्लिफ हें स्त्रियांचें कॉलेज १८९४ मध्यें रीतसर स्थापन झालें होतें व त्याचीं वसतिगृहें वेगळीं होतीं. विद्यार्थी व विद्यार्थिनी एकाच गृहांत राहण्याचा प्रयोग १९७० मध्यें झाला, आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनी १९७२ मध्यें यार्डांत आल्या. 'मास्टर' ही पदवी गुलामगिरीची आठवण देते म्हणून २०१६ मध्यें तीहि बदलण्यांत आली.

आज हार्वर्डला येणारा नवागत आपली खोलीहि निवडीत नाहीं व सोबतीहि निवडीत नाहीं. तो आपल्या संवयींची माहिती लिहून पाठवितो: निजण्याउठण्याची वेळ काय, शांतता हवी कीं गजबज चालेल, टापटीप किती लागते. त्या माहितीवरून कॉलेजचे अधिकारी सोबती व खोली ठरवितात. वर्षभर असा अनोळखी शेजार अनुभवल्यावर मगच त्याला आपले मित्र निवडावयाची मुभा मिळते, आणि त्यापुढचें सोडतीवर सोडलेलें असतें. म्हणजे चालकांची निवड, विद्यार्थ्याची निवड आणि चिठ्ठी या तिघांनाहि आपापली जागा मिळाली आहे. खोलीची निवड पैशाच्या हातीं मात्र राहिलेली नाहीं.

या क्रमांत एक शहाणपण आहे. नवागत पहिल्याच दिवशीं निवड करतो तेव्हां तो पुढें कोण व्हावयाचें हें निवडीत नसतो. आजवर आपण कोण होतों तेंच पुन्हां निवडतो. रूझवेल्टनें ग्रॉटन निवडलें तें यामुळें. अनोळखी माणसांत वर्षभर राहिल्यावाचून खरी निवड करण्याइतकी माहितीच त्याच्यापाशीं नसते. म्हणून पहिल्या वर्षीं शेजार दुसऱ्या कोणी ठरविणें हें विद्यार्थ्याच्या स्वातंत्र्यावर आक्रमण नव्हे. मात्र ठरविणाऱ्यानें कोणालाहि दाराबाहेर ठेवलेलें नसावें, आणि एकट्या पडणाऱ्याकडे लक्ष पुरविलें पाहिजे. १९१४ च्या योजनेंत पहिली अट राहून गेली होती. १९९६ च्या योजनेवर टीका झाली ती दुसऱ्या अटीवरून.

वेस्टमोर्लींतील ज्या खोल्यांत रूझवेल्ट राहिला त्या जुन्या थाटांत पुन्हां सजवून जतन करण्यांत आल्या आहेत. त्यांच्या भोंवतालच्या खोल्यांतून आज विद्यार्थी राहतात. त्यांत कोणी कोट्यधीशाची मुलगी असेल, कोणी शिष्यवृत्तीवर आलेला काळा मुलगा असेल, कोणी समुद्रापलीकडून आलेला असेल. त्या गृहांत कोणीं जावयाचें हें घराण्यानें, शाळेनें अगर भाड्याच्या रकमेनें ठरत नाहीं. तें चिठ्ठीनें ठरतें. जेवणाची वेळ झाली म्हणजे हे सर्व एकाच भोजनगृहांत येतात. दार उघडण्याचें काम ठराव करूं शकतो, आणि १९२३ च्या ठरावानें तें केलें. एका पंगतीस बसविण्याचें काम मात्र त्यानें मुद्दाम सोडून दिलें होतें. तें पुरें व्हावयास आणखी दोन पिढ्यांहून अधिक काळ लागला.